मी पुसलेल्या दोन ओळी

मी एक जुने दाताळे आहे, मित्रांनो. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला कंगव्यासारखी दातांची आडवी पट्टी, एवढाच माझा देह. माझे भाऊबंद बागेत वाळलेली पाने गोळा करतात. माझ्या वाट्याला वाळू आली. वाळूत जे उमटेल ते पुसायचे, हे माझे काम. हे काम मी इतक्या इमानाने केले की त्याचेच दुःख मला आज तुम्हाला सांगायचे आहे.

गोल्फचे मैदान तुम्ही पाहिले नसेल, तर आधी ते सांगते. डोळ्यांना पुरणार नाही एवढी हिरवळ असते. काठीने छोटासा पांढरा चेंडू मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा. भोक लांबून दिसावे म्हणून त्यात झेंडा रोवलेला असतो. वाटेत मुद्दाम खणलेले वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. चेंडू तिथे पडला की भल्याभल्यांची तोंडे उतरतात. कसाबसा तो बाहेर काढला की आपल्या पावलांचे ठसे आणि फटक्याचा खळगा दाताळ्याने सारखा करायचा आणि मगच पुढे जायचे. मागून येणाऱ्याला वाळू मोकळी मिळाली पाहिजे, असा तिथला रिवाज आहे.

मैदानावरच्या सुताराने मला केले. दांडा एका मोडक्या शिडीचा होता, आणि चौदा दात कठीण लाकडाचे. मला वाळूकाकांच्या हाती देताना सुतार म्हणाला, "काका, तुमच्या तोंडात उरले नाहीत तेवढे दात बसवलेत याला."

"दे इकडे. निदान हे तरी मला उलटून बोलणार नाही," काका म्हणाले.

वाळूकाका म्हणजे बंकर सारखे करणारे कामगार. त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवायचे. तीस वर्षे त्यांनी हेच काम केले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ठसे वाचायला त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. वाळूकडे नुसते पाहून ते सांगत, इथे डाव्या पायाने लंगडणारा गेला, इथे कोणीतरी चिडून दोनदा काठी आपटली, आणि ह्या गृहस्थाने गुपचूप हाताने चेंडू बाहेर फेकला. ते सारे पाहायचे, हसायचे आणि मला फिरवून पुसून टाकायचे.

माझ्याकडे दोन बंकर होते. एक शेवटच्या झेंड्याजवळचा, खोल. दुसरा त्याच्या शेजारचा, सरावाचा. सरावाचा बंकर ही मास्तरांची शाळा होती.

मास्तर गोल्फ शिकवत. वाळूतून चेंडू कसा काढावा हे त्यांच्याकडूनच शिकावे, असे लोक म्हणत. पहिल्या दिवशी ते चेंडू देतच नसत. माझा दांडा उलटा धरून त्याच्या टोकाने वाळूत एक सरळ रेघ ओढत आणि म्हणत, "चेंडू विसरा. ही रेघ उडवा."

एकदा एक जाडजूड व्यापारी शिकायला आले. वीस फटके झाले तरी चेंडू जागचा हलेना. घाम पुसत ते म्हणाले, "मास्तर, चेंडू राहू द्या, आता मलाच बाहेर काढा."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी व्यापाऱ्यांच्या हातातली काठी पाहिली. "आधी काठीचं तोंड आभाळाकडे उघडा, मग मूठ धरा. तुम्ही आधी मूठ धरता आणि मग मनगट पिळता, म्हणून ऐन वेळी तोंड मिटतं. पाय वाळूत रुतवा. भार पुढच्या पायावर ठेवा. आणि चेंडूला मारू नका. त्याच्या मागे दोन बोटं वाळूत शिरा आणि वाळूसकट त्याला बाहेर फेका. शिरलात की हात थांबवायचा नाही."

व्यापाऱ्यांचा चेंडू एकविसाव्या फटक्याला बाहेर आला. ते इतके खूश झाले की वाळू सारखी न करताच निघाले. मास्तरांनी त्यांना परत बोलावले आणि मला त्यांच्या हाती दिले.

मास्तरांना एकच मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणत. आई लवकर गेली, म्हणून ती मैदानावरच वाढली. ती मोठी झाली, चांगली खेळू लागली, आणि वाळूत तर वडिलांच्याही पुढे गेली. तिच्या फटक्यानंतर उरणारा खळगा काका पुसण्याआधी क्षणभर बघत राहायचे. पंजाएवढा लांब, ताटलीसारखा उथळ, कडा साफ. "हा पुसायला जिवावर येतं," ते म्हणायचे. पण पुसायचे.

मग ती स्पर्धा आली.

ठकी शेवटच्या झेंड्याशी पोचली तेव्हा एका फटक्याने पुढे होती. मास्तर तिची पिशवी खांद्यावर घेऊन बरोबर चालत होते. तिचा चेंडू खोल बंकरमध्ये पडला. मास्तर मला हातात घेऊन काठावर उभे राहिले. मित्रांनो, वाळूत एक कडक नियम असतो. फटका मारण्याआधी काठी वाळूला लागता कामा नये. लागली तर दोन फटक्यांचा दंड. ठकीने काठी मागे नेली, आणि नेताना तिचे टोक वाळूला किंचित घासले. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर एक रेघ उमटली, केसाएवढी बारीक. मग तिने फटका मारला आणि चेंडू झेंड्याला खेटून थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती रेघ तिघांनी पाहिली. मी, मास्तर आणि ठकी. ठकी काठी खाली धरून रेघेकडे बघत उभी होती. तिचे ओठ हलत होते. पण टाळ्या थांबायच्या आत मास्तर पंचांकडे वळले आणि म्हणाले, "काठी वाळूला लागली आहे. दंड लावा."

ठकी एका फटक्याने हरली.

लोक पांगल्यावर ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली. "मी सांगणारच होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"श्वास तरी घेऊ द्यायचा होतात, अण्णा."

"वाळूत दिसत होतं ते मी बोललो. वाळू खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

मास्तर मला घेऊन बंकरमध्ये उतरले आणि वाळू सारखी करू लागले. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने आपली पिशवी स्वतःच उचलली आणि गेली. महिन्याच्या आत तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. ती घरी येईना, मास्तरांचा फोन उचलेना.

दुसऱ्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. शाळा बंद झाली. तरी ते रोज सकाळी येत आणि माझा दांडा डाव्या काखेत धरून, त्याच्या आधाराने बंकरभोवती फिरत. लेखणी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांत टिकत नसे. पण माझा दांडा मुठीत मावायचा. कधी कधी ते वाळूत वेड्यावाकड्या रेघा ओढत बसत. घरी जाण्याआधी मानेने खूण करत, आणि काका त्या पुसत.

एका दुपारी कचेरीतले कारकून धावत आले. "मास्तर, लेकीचा फोन होता. रविवारी दहा वाजता येते म्हणाली. त्या दिवसापासून वाळूत हात थांबतो म्हणाली, चेंडू बाहेरच येत नाही. तुम्हाला दाखवायचंय म्हणे."

मास्तरांनी बोलायचा प्रयत्न केला. "ठ... ठ..." एवढेच बाहेर आले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "येतेय ना आता? मग झालं तर."

रविवारी मास्तर उजाडतानाच आले. धुतलेला सदरा घातला होता, पण गुंड्या वरखाली लागल्या होत्या. तीन तास ते सरावाच्या बंकरमध्ये राबले. आधी त्यांनी माझ्या दांड्याने ती सरळ रेघ ओढली. मग दोन पावले कुठे ठेवायची ते स्वतःची पावले रुतवून दाखवले. पुढचे पाऊल त्यांनी जास्त खोल दाबले, भार तिकडे हवा म्हणून. रेघेवर डाव्या हाताने उकरून पंजाएवढा लांब, उथळ खळगा केला. मुलीसाठी लागणारा सगळा धडा त्यांनी वाळूत मांडला. मग काठाजवळच्या मोकळ्या जागी सरकले आणि दांड्याच्या टोकाने हळूहळू आणखी काही काढू लागले. एक ओळ. तिच्याखाली दुसरी ओळ. प्रत्येक खुणेनंतर ते थांबून धाप टाकत होते. मला कळत नव्हते, पण माझे टोक त्यांच्या हाताबरोबर फिरत होते.

दुसरी ओळ संपली. त्यांनी मला काठावर नीट आडवे ठेवले, शेजारच्या बाकावर बसले आणि बसल्या जागी कलंडले.

धावाधाव झाली. कचेरीच्या गाडीतून त्यांना नेले. चौघा-पाच जणांच्या बुटांनी बंकरची एक कड तुडवली गेली होती. सगळे गेल्यावर वाळूकाका एकटे उरले. ते रडत होते आणि त्यांना हात कुठे ठेवावा ते कळत नव्हते. माणसाला असे झाले की तो आपल्या रोजच्या कामाला हात घालतो. त्यांनी बंकरकडे पाहिले. ठसे, रेघोट्या, खळगे. मास्तरांना असा बंकर कधी सहन झाला नव्हता. "मास्तर परत आल्यावर मलाच ओरडतील," ते स्वतःशीच म्हणाले. ओरडायला मास्तरांना आता वाचा नव्हती, हेही त्या क्षणी त्यांना आठवले नाही. त्यांनी मला उचलले.

आधी पावले गेली. मग रेघ. मग त्या दोन ओळी. मित्रांनो, माझ्याच एका टोकाने त्या लिहिल्या आणि माझ्याच दुसऱ्या टोकाने त्या पुसल्या.

दहाला पाच कमी असताना ठकी आली. बंकर आरशासारखा स्वच्छ होता. कारकुनांनी तिला काय झाले ते सांगितले आणि ती तशीच दवाखान्याकडे धावली. मास्तर वाटेतच गेले होते.

आठवड्याने ती काकांना भेटायला आली. तिचा आवाज बसला होता. "काका, अण्णांनी माझ्यासाठी काही ठेवलं होतं का? निरोप, काही?"

काकांनी खूप विचार केला. ते खोटे बोलणारे नव्हते. "नाही गं. सकाळी लवकर आले, वाळूत फिरले, बसले. बोलता तर येत नव्हतं त्यांना."

"बरं," ती म्हणाली. जाताना तिने बाकावर हात फिरवला आणि गेली.

पुढे मैदानावर नवे व्यवस्थापक आले. रोजची कामे त्यांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली. काका येईल त्याला विचारत, "आज माझं काय लिहिलंय?" त्यांची सूनबाई दुपारी डबा घेऊन यायची. तिला ते बघवेना.

"बाबा, रोज दहा जणांना विचारण्यापेक्षा शिका ना. मी शिकवते."

"ह्या वयात? हात वळेल का?"

"वाळू सारखी करताना वळतो, तो अक्षराला वळेल."

अशी काकांची शाळा सुरू झाली, झाडाखाली, सरावाच्या बंकरच्या काठाला. पाटी वाळूची आणि लेखणी माझ्या दांड्याची. काका एक अक्षर काढायचे आणि त्यांच्याबरोबर मीही शिकत होते. सूनबाई फटकळ होती. "हा व नाही बाबा, हा भोपळा झाला. पुसा." काका निमूटपणे पुसायचे. घरी नातवाला ओरडणारा हा माणूस सुनेसमोर मान खाली घालून बसलेला पाहून माळी हसायचे.

एके दिवशी ती म्हणाली, "आज ठ. ठशाचा ठ." तिने माझ्या टोकाने एक गोल काढला आणि त्याच्या डोक्यावर छोटी उभी काठी दिली.

डब्याचे झाकण काकांच्या हातातच राहिले.

"काय झालं?"

"हे भोक आहे आणि त्यात झेंडा रोवलाय."

"नाही बाबा, हा ठ आहे."

"मास्तरांनी त्या दिवशी हेच काढलं होतं. अगदी पहिलं. मला वाटलं, भोक आणि झेंडा काढलाय." त्यांनी माझा दांडा घेतला आणि डोळे मिटून, आठवून आठवून, त्या गोलाच्या पुढे आणखी एक खूण काढली. काठी, तिच्या दोन्ही बाजूंना वाटोळे, आणि पुढे डोक्यावरून वळलेली एक उभी रेघ.

सूनबाईने वाचले. "ठकी. ठकी कोण?"

काका वाळूतच बसले. मग म्हणाले, "लिहिलेलं होतं गं ते. पोरीसाठी लिहिलेलं होतं. आणि मी ते झाडून काढलं."

त्यानंतर रोज दुपारी ते त्या काठाशी बसत आणि उरलेल्या खुणा आठवायला बघत. पण ठसे त्यांच्या लक्षात राहत, अक्षरे लक्षात ठेवायची त्यांना कधी सवयच नव्हती. खाली दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीची एक खूण तेवढी पक्की आठवली. तिथे 'मी' होता. पुढचे काही केल्या येईना. ते कपाळ माझ्या दांड्याला टेकवून बसत, तेव्हा मी मुके उभे राहायचे. कारण अक्षरे शिकता शिकता मला सगळे कळले होते. लिहिताना टोक कसे फिरले होते, ते मला एकेक वळणासकट आठवत होते. पण दाताळ्याला स्वतःहून हलता येत नाही, मित्रांनो. कोणीतरी धरावे लागते, आणि धरणाऱ्याला जे माहीत असेल तेवढेच त्याला लिहिता येते.

काकांनी आयुष्यातले पहिले पत्र लिहिले. "ठकी ये. वाळूकाका."

ती आली. काकांनी तिला बाकावर बसवले नाही. बंकरच्या काठाशी उभे राहूनच सगळे सांगितले, काही न लपवता. ऐकताना ती वाळूकडे बघत होती.

"किती ओळी होत्या?"

"दोन."

"दुसरी लांब होती की छोटी?"

"साधारण सारख्याच. पहिली तुझ्या नावाने सुरू होत होती. दुसरी 'मी'ने."

"नक्की 'मी'? 'तू' नाही?"

"नाही. 'मी'च. तेवढं मी आता वाचू शकतो, पोरी. मला शिव्या दे. मारलंस तरी चालेल."

ठकीने मान हलवली. "अण्णांनी मला काही सांगितलं की ते 'तू'नेच सुरू व्हायचं. तू हात थांबवतेस. तू मान वर करतेस. 'मी'ने सुरू होईल असं ते माझ्याशी काय बोलले असतील, काका?"

काकांजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळ होते.

मग काका म्हणाले, "अक्षरं गेली. पण बाकीचं माझ्याजवळ आहे. ठसे मी विसरत नाही." त्यांनी रेघ ओढली. पावले दाखवली. पुढचे खोल, मागचे हलके. "इथे उभी राहा."

ती उभी राहिली आणि तिने काठी उचलली. फटका वाळूत शिरला आणि तिथेच मेला. चेंडू दोन पावले घरंगळून परत आला. दुसरा तसाच. पाचवा तसाच. काका खाली वाकून खळगे बघत होते.

"तुझा हात वाळूला लागला की दचकतो," ते म्हणाले. "बघ हे खळगे. विहिरी खणल्यात. आत गेलीस, बाहेर आलीच नाहीस. मास्तरांनी काढलेला खळगा पंजाएवढा लांब होता. अलीकडे दोन बोटं, पलीकडे चार. फटक्याच्या वेळी वाळूला लागायलाच हवं गं. त्यात गुन्हा नाही."

ठकीने चेहरा बाहीने पुसला. काठीचे तोंड उघडले, मग मूठ धरली. पाय रुतवले. वाळूची एक पातळ चादर उडाली, आणि तिच्याबरोबर चेंडू वर गेला आणि झेंड्याजवळ अलगद टेकला. मागे खळगा उरला. ताटलीसारखा उथळ, कडा साफ.

काकांनी मला उचलले. मग थांबले. तीस वर्षांत त्यांनी जे कधी विचारले नव्हते ते विचारले.

"पुसू का?"

ठकी त्या खळग्याकडे खूप वेळ बघत राहिली. "पुसायला तर हवंच. अण्णा ओरडले असते." तिने मला त्यांच्या हातातून घेतले आणि सगळा बंकर स्वतः सारखा केला. काठाजवळच्या त्या जागी मात्र तिने मला फिरवले नाही. तिथे आता काहीच नव्हते. ती गुडघ्यांवर बसली आणि तळवा टेकवून राहिली, उन्हे उतरेपर्यंत.

ती पुन्हा आली नाही. काका निवृत्त झाले, आणि एका हिवाळ्यात त्यांची सूनबाई त्यांचा डबा परत न्यायला आली तेव्हा कळले की तेही गेले. आता मैदानावर प्लॅस्टिकची हलकी दाताळी आली आहेत. माझे नऊ दात पडले. मी अवजारांच्या खोलीत, फुटक्या बादल्यांच्या मागे उभे असते.

मित्रांनो, अवजारे जपा, कामानंतर ती जागच्या जागी ठेवा, हे तुम्हाला मोठी माणसे सांगतीलच. मी दुसरेच मागते. काहीही पुसण्याआधी एकदा नीट बघा. वाचता येत नसेल तर कोणाला तरी विचारा. आणि समोरच्याचे ओठ हलत असतील, तर त्याला बोलू द्या.

आणखी एक. तुम्ही हिंडता-फिरता, चार गावे पाहता. कुठे ठकी भेटली, तर तिला एवढे सांगाल का? पहिल्या ओळीत लिहिले होते, "ठकी, तू सांगणार होतीस."

आणि दुसऱ्या ओळीत, "मी थांबायला हवं होतं."